पलीकडून दिसणारा आरसा

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे. पण तुमच्या घरातल्या आरशासारखा मी नाही. माझ्या एका बाजूला उभं राहिलं की माणसाला स्वतःचं तोंड दिसतं. दुसऱ्या बाजूच्या अंधाऱ्या खोलीत बसलं, की माझ्यातून पलीकडचं सगळं दिसतं, यंत्रातून ऐकूही येतं; तिथला आवाज मात्र इकडे येत नाही. चारकोपच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथून मला टेम्पोत उभं करून अंधेरीला आणलं आणि एका संशोधन संस्थेच्या भिंतीत बसवलं.

ही संस्था लोकांची मतं गोळा करते. रस्ता, दवाखाना, बाजार असं काही नवं व्हायचं असलं, की तिथल्या माणसांना बोलावून त्यांच्या अडचणी विचारते. सुरुवातीला जयंतीबाई तिच्या प्रमुख होत्या. आलेल्या माणसांना त्या आधी मागची खोली दाखवत. म्हणत, "इथे आमची दोन माणसं बसून ऐकणार आहेत. चालेल ना? नसेल चालत तर सांगा." कुणी नको म्हटलं की त्या माझ्यावर जाड पडदा ओढत. कमी ऐकू येणाऱ्याला आपल्या शेजारी बसवत. पडद्यामागे मला काही दिसत नसे, पण मला त्याचं वाईट वाटत नसे.

त्या निवृत्त झाल्या आणि मधुकर साहेब आले. पडदा धुवायला गेला तो परत आलाच नाही. लोकांना मागची खोली दाखवणंही बंद झालं. एकदा एका आंधळ्या गृहस्थांसमोर बाजाराची चित्रं मांडून विचारलं, यातलं कोणतं आवडलं? ते नुसतेच हसले. मागच्या खोलीतले लोकही हसले, पण ते हसू निराळं होतं.

त्याच वर्षी एका जुन्या मासळी बाजाराच्या जागी बाजाराचीच नवी इमारत बांधायचं ठरलं. आत काय काय हवं, ते कोळणींना विचारायचं काम संस्थेकडे आलं. त्या यायला तयार नव्हत्या. संस्थेत रोशनी नावाची कोळ्यांचीच मुलगी नुकतीच तात्पुरती नोकरीला लागली होती. तिने आपल्या आत्याला, सरूबाईला, गळ घातली. आई लहानपणीच गेलेल्या रोशनीला या आत्यानेच मासळी विकून वाढवलं होतं, कॉलेजात घातलं होतं.

"आत्या, खोलीत बायकाच असणार गो. बाप्या एकपण नाय," रोशनी म्हणाली होती. सरूबाईने खोलीत शिरताना बाकीच्या बायकांना तेच सांगितलं, म्हणून मला ते कळलं.

सरूबाई ठेवणीतलं लुगडं नेसून, केसात अबोली माळून आली होती. माझ्यात बघून तिने कुंकू नीट केलं. मागे अंधारात मधुकर साहेब आणि इमारत बांधणाऱ्या कंपनीचे तिघे पुरुष समोसे खात बसले होते. कोळ्यांची बोली त्यांना नीट समजेना, म्हणून रोशनीला त्यांच्याजवळ उभं केलं होतं.

प्रश्न विचारायला रुचिरा नावाची बाई होती. ती म्हणाली, "मोकळेपणी बोला मावशी, आपण बायकाच आहोत."

सरूबाई खाली बघत बोलू लागली. "बाजारात संडास नाय. सकालपासून आमी पाणी पीत नाय. प्यालं तर जायाचं कुठं? एकदा मना आवरलंच नाय. गिऱ्हाईक समोर उभं, नि लुगडं भिजलं. मग मी बरफाचं पाणी अंगावर ओतून घेतलं, कोणाला कलू नये म्हणून. आजवर कोणाला बोलले नाय."

शेजारच्या कोळणीने तिचा हात धरला. तिचेही डोळे भरले होते.

"काय म्हणाली? काय ओतलं?" मागे मधुकर साहेबांनी विचारलं. रोशनीने सांगितलं. चौघे हसले. "कसं ओतलं? दाखव ना यार," साहेब तिला म्हणाले.

महिनाअखेर रोशनीला नोकरीत कायम करायचं की नाही, हे साहेबांच्या हातात होतं. तिने दोन्ही मुठींत ओढणी धरली, गुडघे जवळ घेतले आणि आत्यासारखं तोंड करून अंगावर पाणी ओतल्याचं दाखवलं. हसण्याच्या भरात एकाच्या शर्टावर चटणी सांडली. ती पुसायला त्याने दिवा लावला.

मित्रांनो, मागे उजेड झाला की मी आरसा उरत नाही, साधी काच होतो. सरूबाईने मान वर केली. तिला हातात समोसे घेतलेले चार पुरुष दिसले आणि त्यांच्यात गुडघे जुळवून उभी असलेली रोशनी दिसली.

कुणीतरी दिवा मालवला. पण बायका उठल्या होत्या. रोशनी धावत पुढच्या खोलीत आली. "आत्या, माझी नोकरी..."

"तुझी नोकरी रव दे," सरूबाई म्हणाली. "मी मेले म्हणून सांग सगल्यांना. मी पण तुझं तसंच सांगीन."

त्या कोळणी पुन्हा कधी आल्या नाहीत. रोशनी रोज संध्याकाळी माझ्यासमोर उभी राहून आत्याला फोन लावायची. पलीकडून कुणी उचलत नसे. मग तिने लावणं सोडलं. इमारत उभी राहिली, तळघरात गाड्या ठेवायची सोय झाली, संडास झाला नाही. "विचारलं होतं की त्यांना. उठून गेल्या," मधुकर साहेब म्हणाले.

रोशनी कायम झाली. आता माझ्या कडांना काळे डाग पडले आहेत आणि बायकांना प्रश्न विचारायला तीच बसते. परवा मुलुंडच्या घरकाम करणाऱ्या बायका आल्या होत्या. त्यांच्यातली जानकी नावाची म्हातारी माझ्याकडे बराच वेळ बघत होती. तिने विचारलं, "पोरी, ह्याच्या पलीकडे कोण आसा काय गो?"

मागे मधुकर साहेब समोशाचा पुडा सोडत होते.

रोशनी माझ्याकडे न बघता म्हणाली, "नाही मावशी. साधा आरसा आहे तो. तुम्ही बोला." आणि जानकी बोलू लागली.

मित्रांनो, मला तोंड नाही, नाहीतर मी तिला थांबवलं असतं. उद्या तुम्ही मोठे व्हाल, कुणाचं दुःख विचारायला जाल. तेव्हा त्याच्यासमोर येऊन बसा. आपल्याबरोबर कोण ऐकतंय, ते आधी सांगा. एवढं जमणार नसेल, तर त्याला काही विचारू नका.