दोघांनी मिळून उठायचं

मित्रांनो, मी पोलीस चौकीतला जुना लाकडी बाक आहे, आणि खोटं कशाला बोलू, माझा स्वभाव जळका आहे. सुताराने घाईघाईत माझे पाय टोकांपासून फार आत ठोकले. त्यामुळे एका टोकाचा माणूस अचानक उठला, की दुसरा धप्पकन खाली पडतो.

आमच्या हवालदारमामांनी या खोडीचं सोनं केलं. भांडणाऱ्यांना ते माझ्या दोन टोकांना बसवत आणि बजावत, "दोघांनी मिळून उठायचं. तुमच्या उठण्याने हा पडला, तर दुसरी तक्रार तुमच्यावर." मग काय, बसून बसून माणसं निवायची. "अर्धी चौकी हा बाकच चालवतो," मामा म्हणायचे आणि मी फुशारून जायचो.

पुढे समोरच्या मैदानात नवं पोलीस ठाणं उभं राहू लागलं. काचेची दारं काय, गुळगुळीत फरशी काय, माझा नुसता तिळपापड व्हायचा. त्यात रंगाऱ्याने मलाच तिकडे नेलं आणि माझ्या मधोमध उभं राहून भिंती रंगवल्या. सवतीची वेणी घालायला लावावी, तसं झालं ते. मग स्टीलच्या खुर्च्या आल्या, फरशीला पक्क्या ठोकलेल्या. मामासुद्धा त्यांच्यावरून हात फिरवून म्हणाले, "वा, काय ऐट आहे." मला मागच्या अंगणात भंगारात टाकलं. तेव्हा मी फार रडलो.

भंगारवाला मला गाडीवर चढवत होता, त्याच सकाळी सामाईक नळावरून भांडत दोन जावा ठाण्यात आल्या. एक पहिल्या खुर्चीवर बसली, दुसरी शेवटच्या. तिथूनच आरडाओरडा सुरू झाला.

"हिच्या तोंडी कोण लागणार? मी निघाले," म्हणत थोरली दारापर्यंत गेलीसुद्धा.

मामांनी तिला दारातच थांबवलं आणि ते धावत अंगणात आले. "थांब रे, हा बाक द्यायचा नाही."

मला आत नेऊन दोघींना माझ्या दोन टोकांना बसवलं. दोन वाक्यं झाली नाहीत तोच थोरली पुन्हा उठू लागली, तसा मी धाकटीच्या बाजूला कलंडू लागलो. धाकटीने तिचा हात घट्ट धरला. "जाऊबाई, हळू. मी पडेन."

"पडू कशी देईन?" थोरली पुटपुटली आणि खाली बसली. मग नळाचं बोलणं झालं.

मित्रांनो, नवं जरूर आणा. पण जुनं टाकण्याआधी त्यावर एकदा दोघं मिळून बसून बघा. मी अजून जळतोच. खुर्च्यांना रोज ओलं फडकं मिळतं, माझ्या अंगावरचे रंगाचे ठिपकेही कुणी पुसत नाही. पण त्या जावा जाताना हात धरून, मिळून उठल्या, आणि ते खुर्च्यांनी पाहिलं आहे.