पाटोदा केंद्र, सत्तेचाळीस अंश

सकाळी आठ वाजून अकरा मिनिटांनी रोहिणीच्या फोनवर पहिला इशारा आला. पाटोदा केंद्र, सर्व्हर, तापमान चाळीस अंश.

ती बीडला, कंपनीच्या कार्यालयात होती. नऊ वाजता पाटोद्याच्या एका खासगी महाविद्यालयात भरतीची ऑनलाइन परीक्षा होती. एकशे चव्वेचाळीस उमेदवार, सर्व्हर एकच. पावणेनऊला त्यावर प्रश्नपत्रिका उतरणार होती. त्यानंतर सर्व्हर बंद पडला तर परीक्षा रद्द, असा नियम. आणि पन्नास अंशांना तो आपोआप बंद होतो.

सर्व्हरच्या आत एक छोटं कार्ड असतं. सर्व्हर बंद असला तरी ते जागं राहतं आणि स्वतःच्या वेगळ्या सिमवरून माहिती पाठवतं. सर्व्हर चालू-बंदही करतं. त्या कार्डावरून रोहिणीला सर्व्हरचे पंखे दिसत होते. सगळे पूर्ण वेगात फिरत होते.

तिने तिथली लॅब सांभाळणाऱ्या पंचाक्षरींना फोन लावला.

"काका, एसी बंद आहे का?"

"चालू हाय की. दाराला कान लावून उभा हाय. घरघर ऐकू येतीया."

"आत जाऊन बघा ना."

"कसा जाऊ, ताई? सर्व्हरच्या खोलीला साडेसातलाच सील लागलंय. मॅडमची सही हाय त्याच्यावर. आता मुंगी बी आत जायची न्हाई."

आठ एकोणीसला त्रेचाळीस.

परीक्षेच्या निरीक्षक सत्यशीला मॅडमनी फोन घेतला. "तुम्हाला बीडमधून सर्व्हर तापलेला दिसतो. मला इथे दारसुद्धा गार लागतंय. खरं कुणाचं?"

"दोघींचंही असेल, मॅडम. खोली गार असेल, पण सर्व्हरला हवा मिळत नाहीये. समोर काहीतरी आडवं आलंय."

"असेल. पण चालू सर्व्हरसाठी मी सील तोडू शकत नाही. बंद पडला तरच तोडता येतं. परीक्षा नियमांचं कलम चार."

"सील लावण्याआधी आत कोण गेलं होतं?"

मागून पंचाक्षरींचा आवाज आला. "मी अन् बायनाबाई. झाडून-पुसून घेतलं, बाकी काई न्हाई."

बायनाबाई साफसफाईला होत्या. फोन त्यांच्याकडे गेला.

"म्या काई मोडलं न्हाई, बाई. काल कालेजचे सायेब धुळीवरून लई बोलले. म्हणून जुन्या पडद्याचं कव्हर शिवून आणलं. घरी मिक्सरला हाय, फ्रीजला हाय. अन् एवढी महागाची मशीन उघडीच."

"सर्व्हर चालू असताना घातलं?"

"व्हय. बेस बसलं. नाडी बी बांधली."

"जित्या माणसाच्या तोंडाला फडकं बांधलंस की गं," पंचाक्षरी म्हणाले.

आठ चौतीसला सत्तेचाळीस. रोहिणीने हिशेब केला. याच गतीने पन्नास व्हायला आठ सेहेचाळीस होणार होते. प्रश्नपत्रिका उतरायला लागल्यावर एका मिनिटाने.

तिने वरिष्ठांना, विजयसिंहांना फोन केला.

"आपोआप पडू दे," ते म्हणाले. "दोष मशीनवर जाईल."

"तोवर पेपर उतरायला लागलेला असेल, सर."

"परीक्षेच्या दिवशी इथून पॉवरला हात लावायचा नाही, हे तू सही करून दिलंयस. लावलास तर नोकरी विसर."

फोन ठेवून तिने कार्डाच्या स्क्रीनवर 'बंद करा' निवडलं. नाव आणि वेळ नोंदवली जाईल, असं खाली आलं. तिने होकार दिला. आठ पस्तीस.

"मॅडम, सर्व्हर बंद झालाय. आता कलम चार लागू होतं."

"आपोआप बंद पडला?"

"नाही. मी बंद केला."

सत्यशीला मॅडम नियमांची पानं उलटत असल्याचा आवाज आला. मागे उमेदवारांची हजेरी चालू होती.

"कसा बंद पडावा, हे कलमात नाही," त्या म्हणाल्या. "पण खुलाशात मला नाव लिहावं लागेल."

"लिहा. रोहिणी संगमेश्वर हलगे."

आठ अडतीसला सील तुटलं. गाठ सुटेना, म्हणून पंचाक्षरींनी नाडी ब्लेडने कापली. आठ चाळीसला रोहिणीने बीडमधून सर्व्हर पुन्हा चालू केला. सुरू व्हायला त्याला चार मिनिटं लागतात. मागच्या चाचणीत सहा लागली होती.

स्क्रीन काळी राहिली. मग पांढऱ्या ओळी वर सरकू लागल्या. एका ओळीवर थांबल्या.

"ताई, झालं का?" पंचाक्षरींनी विचारलं.

"बोलू नका, काका."

ओळ पुढे सरकली. आठ चव्वेचाळीसला सर्व्हरने हजेरी दिली. पावणेनऊला दार पुन्हा सील झालं आणि प्रश्नपत्रिका उतरू लागली. नऊला एकशे चव्वेचाळीस जणांनी पहिला प्रश्न उघडला.

नऊ वाजून तीन मिनिटांनी विजयसिंहांचा फोन आला.

"नोंदीत तुझं नाव आहे. मला ते पुसता येत नाही. लॅपटॉप टेबलावर ठेव आणि जा."

"पेपर अकराला संपतो, सर. तेव्हा ठेवते."

फोन कट झाला. स्क्रीनवर बत्तीस अंश होते. रोहिणीने खुर्ची पुढे ओढली.