कमी कार्बनचे बोल्ट

लुधियानाच्या गिल रोडवर 'कार्बन' हा वाईट शब्द नाही. पोलादात कार्बन असतो म्हणून पोलाद कडक असतं, आणि ज्याच्या मालात तो नीट असतो त्याच्या पोरींना चांगल्या घरची स्थळं येतात. त्यामुळे युरोपने सीमेवर कार्बनचा कर बसवल्याची बातमी आली, तेव्हा आमचे मालक सरदार हरदित सिंग कलसी, म्हणजे सगळ्यांचे पापाजी, यांना कोणी मिठावर कर बसवल्यासारखा धक्का बसला.

आम्ही पोलादाच्या जाड तारेपासून नांगराचे बोल्ट बनवतो. त्यातले बहुतेक एक जर्मन कंपनी घेते. ती तुर्कस्तानकडे वळली तर आमच्या गेटला कुलूप लागेल, हे चहावाल्यालाही माहीत आहे. निर्यातीचं काम माझ्याकडे, म्हणजे सूदकडे. मी अर्थशास्त्रात एम. ए. आहे, ही गोष्ट पापाजी पाहुण्यांना माफी मागितल्याच्या सुरात सांगतात.

जर्मन कंपनीच्या खरेदीप्रमुख वीबके लोरेन्झबाई व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या, "तुमच्या बोल्टचा कार्बन कमी करा. नाहीतर करामुळे ते आम्हाला परवडणार नाहीत."

मी पंजाबीत सांगितलं.

"किती कमी?" पापाजींनी विचारलं.

"जेवढा जमेल तेवढा."

पापाजींनी सुस्कारा सोडला. दोन महिन्यांनी पुन्हा कॉल झाला, तेव्हा त्यांनी स्वतःच इंग्रजीत जाहीर केलं, "पॉइंट झीरो एट!"

बाईंचं तोंड उघडंच राहिलं. इतका कमी आकडा त्यांनी कुठल्याच देशात ऐकला नव्हता. मीही थक्क झालो, पण मालकाच्या पराक्रमाने थक्क होण्याचाच मला पगार मिळतो. पुढच्या आठवड्यात बाई स्वतः चमत्कार बघायला हजर झाल्या.

पापाजींनी त्यांना लस्सी पाजली, मग थेट कामाच्या टेबलापाशी नेलं. एक बोल्ट पकडीत आवळला आणि लांब पाना लावून जोर दिला. बोल्ट आधी लांबला, मग पिळवटला, मग तुटून बाईंच्या बुटांपाशी पडला.

"घ्या," पापाजी दुखवट्याला आल्यासारखे म्हणाले. "तुमच्या कायद्याप्रमाणे. कार्बन नावालाही उरला नाही. सूदा, मॅडमना सांग, माल त्यांचा, मर्जी त्यांची. पण अशा बोल्टने नांगर पुढे जाईल आणि फाळ शेतात मागे राहील."

बाईंनी तुकडा उचलला. नखाने खरवडला. मग माझ्याकडे असं पाहिलं, की एम. ए. झाल्याचा मला प्रथमच खरा पश्चात्ताप झाला.

"यांनी पोलादातला कार्बन काढला?"

"हो," मी म्हणालो.

"आम्ही धुराबद्दल बोलत होतो! एक टन बोल्ट बनवताना हवेत जाणारा धूर!"

मी ते पंजाबीत सांगितलं. पापाजी मटकन स्टुलावर बसले.

"धूर?"

"धूर, पापाजी."

"आणि तुला हे माहीत होतं?"

"मला धुराचं माहीत होतं. तुम्ही तारच बदललीत, हे माहीत नव्हतं."

"अरे गाढवा, कार्बन कमी करायचा म्हणजे तार नाही बदलणार तर काय पगडी बदलणार?"

तेवढ्यात बाईंनी विचारलं, "हा माल पाठवला तर नाही ना?" पहिला कंटेनर मुंद्रा बंदरात उभा होता. मी एजंटला फोन करून तो थांबवला. तेवढ्या वेळात पापाजींना धक्क्यातून वाचा फुटली.

"तिला विचार. बोल्ट जर्मनीला जातो, बरोबर? धूर कुठे राहतो? इथे. आमच्या छातीत. माल तुम्ही नेता, धूर आम्ही फुकट ठेवून घेतो, आणि वर त्याचा कर आमच्यावर?"

बाईंनी वर बोट दाखवलं. "आभाळ सगळ्यांचं एकच आहे."

"एकच? मग माझ्या पुतण्याला तीनदा व्हिसा का नाकारला?"

हे मी भाषांतरात गाळलं. बाईंनी लॅपटॉप उघडला. त्यांचं म्हणणं असं, की बोल्टचा बहुतेक धूर मुळात पोलाद बनवतानाच निघतो. खाणीतल्या दगडापासून नवं पोलाद बनवलं तर खूप. भंगार वितळवून बनवलं तर फारच थोडा. "तुर्कस्तानवाले भंगाराचं वापरतात, म्हणून ते पुढे आहेत. तुमचं कुठलं?"

"नवं!" पापाजी छातीवर हात ठेवून म्हणाले. "अस्सल. भंगाराचा कणही नाही."

"अरेरे," बाई म्हणाल्या, आणि लॅपटॉप मिटू लागल्या.

आमची तार मंडी गोबिंदगडच्या किमतीलालकडून येते. त्याच्या भट्टीपुढे भंगाराचे डोंगर आहेत. हे गिल रोडवर सगळ्यांना ठाऊक आहे आणि कोणीही बोलत नाही. कारण 'भंगारवाला' ही आमच्याकडे आईवरून देतात त्या शिवीच्या खालोखालची आहे.

"पापाजी," मी म्हणालो, "ऑर्डर चाललीय."

पापाजींचा चेहरा पांढरा पडला. दाढीत आणि चेहऱ्यात फरक उरला नाही. मग ते जमिनीकडे बघत पुटपुटले, "सांग तिला. भंगारच आहे."

बाईंचा अर्थातच विश्वास बसेना. पापाजींनी त्यांच्यासमोर स्पीकरवर फोन लावला. "किमती, खरं सांग, तुझी तार भंगाराची आहे ना?"

"तोबा! कोण हरामखोर म्हणतो, पापाजी? पोरांची शपथ!"

"अरे, तक्रार नाही माझी. भंगाराचीच हवीय."

"समजलं. गिल रोडवाल्यांनी कान भरलेत. शुद्ध नवं पोलाद आहे, आईशपथ!"

"किमत्या, हात जोडतो. आज खरं बोललास तर माझा कारखाना वाचतो."

पलीकडे दार लावल्याचा आवाज. मग हळू आवाजात, "किती टक्के भंगार सांगू, पापाजी?"

"काय म्हणाले ते?" बाईंनी विचारलं.

"या म्हणाले," मी म्हणालो. "स्वतः येऊन बघा म्हणाले."

आम्ही गेलो. भंगाराच्या ढिगापुढे उभा राहून किमतीलाल बाईंना ते फक्त शोभेचं असल्याचं पटवू पाहत होता. बाईंनी त्यातून गाडीचं एक चेपलेलं दार ओढून काढलं, भट्टीकडे पाहिलं, तार पाहिली. "जुन्या कडकपणाची तार पुन्हा सुरू करा," त्या म्हणाल्या. "धूर मोजायला माणूस पाठवते. तोवर ऑर्डर तुमचीच."

आम्ही गाडीने लुधियानाला परत निघालो.

"वाचलो, पापाजी," मी म्हणालो.

"आता गिल रोडवर तोंड कसं दाखवू?"

"सगळ्यांचंच भंगार आहे."

"ते त्यांना माहीत आहे, मला माहीत आहे," पापाजी खिडकीबाहेर बघत म्हणाले. "पण बोललं कोण?"