पाझरबाबाची अवस

अवसेच्या दुसऱ्या दिवशी सगळी वस्ती घागरी पुढ्यात घेऊन नदीच्या कोरड्या पात्रात बसली होती. बाहत्तर सालचा दुष्काळ. एरवी पाय भाजतात म्हणून मेंढरंही त्या वाळूत उतरत नसत. पण अवस सरली की सकाळी पाण्याची धार यायची. आभाळात ढग नसला तरी यायची. ती पाझरबाबा आणायचे. त्यासाठी त्यांना दर अवसेला एक कोकरू लागे. नदीला म्हणे मटणाची आवड होती, आणि तिच्या वतीने बाबा जेवत.

"गंगे, लाजू नगं," बाबा चिमटा वाजवत म्हणाले. "लेकरं तानेली हायती."

गंगा लाजलीच. दुपार झाली तरी वाळू कोरडी.

बाबांनी डोळे मिटले आणि उघडले ते नेमके बायकांवर. "पात्राला इटाळ झालाय. कोन उतरली हुती, सांगा. न्हाईतर गंगा परत यायची न्हाई."

साळूबाईची सून बनाबाई बाहेरची असताना वाळूत झिरा उकरायला गेली होती. साळूबाई तापानं फणफणली होती, तिला घोटभर पाणी हवं होतं, म्हणून.

साळूबाईनंच सुनेकडं बोट केलं.

मुलगा मेंढरं घेऊन कोकणात गेलेला. विचारायला कोणी नव्हतं. बनाबाईची माहेरी रवानगी झाली. "गंगा आली की न्यायला येते," साळूबाई म्हणाली. बनाबाईनं गाठोडं उचललं.

शाळेच्या आकाराम गुरुजींना हे कळलं तसे ते साळूबाईच्या दारात आले. "आजी, नदी वरून खाली येते. मग ती का आली नाही, ते वर जाऊन विचारू या."

एसटीनं दोघं साताऱ्याच्या अंगाला, नदीच्या वरच्या गावी गेली. साळूबाई बघतच राहिली. काठानं नजर पोचेल तिथवर ऊस, आणि नदीत तोंड खुपसून धुडधुडणारी इंजनं. एका इंजनापाशी नानासो नावाचा बागायतदार उभा होता.

"रोज चालतंय व्हय हे?" तिनं विचारलं.

"अवस सोडून रोज. अवसेला आमी औत धरत न्हाई, इंजनबी न्हाई. आज्यापासनंची रीत."

"मग ह्या अवसेला?"

नानासो खाली बघत म्हणाला, "ऊस वाळाय लागला, आजी. देवाला म्हनलं, औंदा माफी कर. समद्यांनीच चालवली."

गुरुजींनी पाझरबाबांचं वर्णन सांगितलं.

"चिमटेवाला? त्यो आमचा ज्योतिबा की. दोन सालं ह्याच इंजनात डिझेल वतत हुता. अवसेला सुट्टी असायची त्येला."

परतताना गुरुजी म्हणाले, "रोज पात्र कोरडं, अवसेनंतर घागरी भरतात. ह्यातली वजाबाकी म्हणजे उसानं प्यालेलं पाणी. साहेब लोक यंत्रं लावून मोजतील. तुमच्या घागरींनी अंदाज केव्हाच दिलाय."

साळूबाईला ते ऐकू गेलं नसावं. ती बनाबाईच्या गावच्या फाट्यावर उतरली.

बनाबाई सुपात जोंधळा निवडत होती.

"बने, इटाळ नव्हता गं. वर इंजनं चालू हुती. चल घरला."

सूप हलत राहिलं. "म्हंजी इंजनानं साक्ष दिली, तवा आलाय."

"तू तरी बोलायचं हुतंस."

"काय बोलू, आत्या? झिरा कुनासाठी उकरला, ते तुमाला ठावं हुतं."

साळूबाई एकटीच परतली.

तोवर बाबा दोन कोकरांसह गंगेला आणायला गेले होते, ते अजून यायचे आहेत. पुढच्या अवसेनंतर वस्ती सवयीनं पुन्हा वाळूत जमली. साळूबाई उठून उभी राहिली आणि नानासोनं सांगितलेलं सगळं तिनं सांगितलं.

"पानी आटलं तर बाई हुडकू नगा," ती म्हणाली. "काठानं वर चाला. कोन किती पितंय ते बघा, आनि आपला वाटा त्यांनाच मागा. कोकरू दिऊन नदी येत न्हाई."

"आनि तुजी सून गं?" कोणीतरी विचारलं.

साळूबाई वाळूत खाली बसली. वरच्यांनी ही अवस पाळली असावी. वळणावरून बारीक धार आली, वाळू भिजवत पुढं सरकली, आणि आधी बनाबाईनं उकरलेला झिरा भरला. सगळ्या बायका घागरी घेऊन धावल्या. साळूबाईची घागर पालथीच राहिली.