पुढचं पान

त्याने इअरफोन बहिणीच्या कानांत हलकेच बसवले, कपाळावर आलेली तिची बट मागे सारली आणि लॅपटॉप आपल्याकडे ओढला.

"न्हाव्यासारखं डोकं काय धरतोस रे?" ताई म्हणाली. "पळून नाही जात मी."

ताई छापखान्यात मुद्रितं तपासायची. डोळ्यांत धुकं उतरलं, ते उतरलं आणि मुक्कामालाच राहिलं. डॉक्टरांनी हात टेकले. कानांनी वाचून काम जमलं तर सोमवारी ये, छापखान्याचे साहेब म्हणाले होते. न जमलं तर काय, ते बोलले नव्हते. तिचे डोळे जायला लागले तसा धाकटा भाऊ नोकरी सोडून हा नवा ब्राउझर घडवत बसला होता. पान उघडायचं, नको ते पाखडून टाकायचं आणि मजकूर तेवढा वाचून दाखवायचा, एवढंच त्याचं काम. पण अजून तो चाकावरून उतरवलेल्या ओल्या मडक्यासारखा होता. हात लावला की बोट उमटायचं.

"कर सुरू, बारक्या."

पहिलं पान उघडलं. ताईच्या कपाळाला आठी पडली.

"जाहिरात, बंद करा म्हणतंय. परत बंद करा." ती हसली. "तुझ्या भावोजींनी शिकवलं का रे याला? तोंड उघडायच्या आधीच बंद करा!"

तो हसला नाही. काहीबाही बदलून त्याने पुन्हा पान उघडलं. या खेपेला इअरफोनमधून असा कर्कश चीत्कार उठला की त्यालाही बाहेर ऐकू आला. ताई दचकली. त्याने घाईने आवाज बंद केला. पडदा पांढराफटक पडला.

"लागलं का गं?"

"कानाला काय लागतंय? कर परत."

तिसऱ्यांदा पान शांतपणे आलं. वाचली जाणारी ओळ दाखवणारी पिवळी पट्टी ओळीमागून ओळ सरकू लागली, कुठेही न अडखळता. ताईने मान डोलावली. तिचं बोट टेबलावर चालू लागलं, डावीकडून उजवीकडे, पुन्हा ओळीच्या सुरुवातीला.

त्या बोटाला धरूनच तो वाचायला शिकला होता. अक्षरं कळत नव्हती तेव्हा धडा पाठ असायचा. मांडीवर पुस्तक घेऊन तो घडाघडा म्हणत सुटायचा. तोंड पुढच्या पानावर, पुस्तक मागच्याच. ताई काही न बोलता पान उलटून द्यायची आणि म्हणायची, "छान वाचतोस."

"जमतंय?" त्याने श्वास रोखून विचारलं.

"जमतंय म्हणजे! जोडाक्षरंसुद्धा कशी ठसठशीत म्हणतंय. सोमवारी सांगते साहेबांना."

किती दिवसांनी त्याचे खांदे सैल झाले. आवाज थोडा वाढवावा म्हणून त्याने पडद्याच्या कोपऱ्यात पाहिलं. कर्ण्याच्या चिन्हावर लाल रेघ होती. मघाशी त्याने आवाज बंद केला होता, तो बंदच होता.

पिवळी पट्टी पानाच्या तळाशी येऊन थांबली. ताईचं बोट अजून चालत होतं.

त्याचा हात त्या लाल रेघेकडे गेला. अर्ध्यातून मागे आला.

"ताई, पुढचं पान लावू?"

"लाव की," ती म्हणाली. "छान वाचतंय."

त्याने मुकाट्याने पान उलटलं.