मिसुरीच्या पुलापर्यंत

मार्लिस हेगन बोलायला उभी राहिली तेव्हा तिने आधी वर पाहिलं. प्रेक्षकांच्या सज्जात दुसऱ्या रांगेत डेसा बसली होती. मांडीवर तिची आठ महिन्यांची मुलगी जून, आणि जूनच्या मुठीत अर्धं भिजलेलं बिस्किट. डेसा चार तास गाडी चालवत आली होती, तीही फेब्रुवारीच्या वाऱ्यात, रस्त्यावर बर्फाचे पट्टे सरपटत असताना. येईल की नाही, याची सकाळपर्यंत मार्लिसला खात्री नव्हती.

मार्लिस नोव्हेंबरात राज्याच्या प्रतिनिधीगृहावर पहिल्यांदाच निवडून आली होती. त्याआधीची बावीस वर्षं तिने घर तुटलेल्या पोरांसाठी घरं शोधण्यात घालवली. त्यांचे कपडे कचऱ्याच्या काळ्या पिशवीत भरायचे, पिशवी डिकीत, पोर मागच्या सीटवर, आणि गाडी तिच्या मालकीची. प्रचारात लोक दारात उभे राहून विचारायचे, "बाई, तुम्ही तिकडे जाऊन करणार काय?" रस्ते, शाळा, कर यांवर ती बोलायची, पण बोलून झालं की म्हणायची, "आणि भावंडं. भावंडांचं काहीतरी करणार." लोक मान डोलवायचे. कोणाला फारसं कळायचं नाही.

डेसाला कळलं असतं. ती सहा वर्षांची होती आणि तिचा भाऊ कोय नऊ महिन्यांचा, तेव्हा दोघांना एकत्र ठेवणारं एकही घर मिळालं नव्हतं. त्याला एकीकडे आणि तिला दुसरीकडे ठेवायच्या कागदावर सही मार्लिसची होती. दारात तिचा कोट घट्ट धरून उभ्या पोरीला मार्लिस म्हणाली होती, "येत्या रविवारी भेटवते हं." त्या रविवारी हिमवादळ आलं. पुढच्या रविवारी त्या घरातल्या बाईंना वेळ नव्हता. वसंतापर्यंत कोय राज्याबाहेरच्या एका जोडप्याला दत्तक गेला आणि फाइल बंद झाली. डेसा अठरा वर्षांची होईपर्यंत सात घरांत राहिली. प्रत्येक नव्या घरी गेली की एकच प्रश्न विचारायची, इथून रविवारी कुठे जाता येतं?

म्हणून हे विधेयक. धाकटं भावंड दत्तक गेलं असेल तर मोठ्या भावंडाने लिहिलेलं पत्र राज्याने जपून ठेवायचं, आणि धाकटं अठरा वर्षांचं झालं की त्याच्या हाती द्यायचं. जुन्या फाइलींनाही हे लागू. कोय एप्रिलमध्ये अठरा वर्षांचा होणार होता.

मार्लिसने पाच मिनिटांत सगळं मांडलं. मग ती खाली बसली, आणि शेजारच्या बाकावरचे लायल हाउगन सावकाश उठले. लायल गुरं पाळणारा माणूस. सभागृहात वीस वर्षं काढलेली, भुवया झाडूसारख्या.

"सभापती महाशय," ते म्हणाले, "मला जिल्ह्याच्या नव्या प्रतिनिधींना एक गंभीर प्रश्न विचारायचाय. भावंडं एका गाडीत बसली तर खिडकीची जागा कोणाची? विधेयकात कुठे दिसत नाही मला."

सभागृह खदखदून हसलं. मार्लिस ओठ दाबून उठली. "मोठ्याची. आणि जाताना कुरकुर केली तर येताना धाकट्याची."

"माझा भाऊ सत्तर वर्षांचा आहे," मागून कोणीतरी ओरडलं. "त्याचं पत्र आलं तर ते परत पाठवायची सोय आहे का?"

"तुमच्या भावाला विचारून सांगते. तो तुमच्यापेक्षा समजूतदार आहे असं ऐकलंय."

टाळ्या पडल्या. मार्लिसचा चेहरा गरम झाला होता आणि ती हसत होती, मोकळं, तोंडभरून. इथली रीतच तशी. नव्या माणसाच्या पहिल्या विधेयकाला वेडेवाकडे प्रश्न विचारायचे, मग सगळ्यांनी मिळून विरोधात मत टाकायचं, भिंतीवरचा मतांचा फलक लालभडक करायचा, नव्याचा जीव टांगणीला लावायचा, आणि सभापतींनी मतदान बंद करायच्या आत सगळ्यांनी हिरवं बटण दाबायचं. हरणाऱ्या विधेयकाची कोणी अशी मस्करी करत नाही. ज्याचं पार होणार हे ठरलेलंच असतं, त्याचीच थट्टा. वर नव्या माणसाने सगळ्यांना खाऊ घालायचं. मार्लिसने घरून सहा कूखन आणले होते, आजीच्या पद्धतीचे जर्मन केक, मऊ साईच्या सारणाचे. ते बाहेरच्या खोलीत झाकून ठेवलेले होते.

फलक लाल झाला. एक, दहा, चाळीस, आणि बघता बघता सगळी नावं लाल. सभापती मुद्दाम थांबले, चष्मा पुसू लागले. लायल पुटपुटले, "रड की थोडी, मार्लिस. पैसे वसूल होऊ दे."

मार्लिस हसत हसत मागे रेलली आणि सवयीने वर पाहिलं.

दुसऱ्या रांगेत कोणी नव्हतं. बाकावर बिस्किटाचा चुरा होता.

हसू तिच्या तोंडावर तसंच राहिलं, कारण ते कसं उतरवायचं हे तिला त्या क्षणी सुचेना. डेसाला सांगितलंच नव्हतं. कुठे गाडी लावायची, कोट कुठे ठेवायचा, बाळाला दूध कुठे पाजता येईल, सगळं सांगितलं होतं. हे एवढंच राहिलं होतं. इथे महिनाभर राहिलं की वाटायला लागतं, ही रीत सगळ्या जगाला ठाऊक आहे.

फलक हिरवा झाला. सत्तरांपैकी अडुसष्ट. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि मार्लिस खुर्च्यांमधून वाट काढत होती.

"अगं, कूखन कुठेयत?" लायल मागून म्हणाले.

"बाहेर. तुम्हीच कापा."

कोट न घेताच ती पायऱ्या उतरली. थंडीने नाकातला श्वास टोचला. बावीस वर्षांत तिने पळून गेलेली पुष्कळ पोरं शोधली होती, आणि ती कधी लांब जात नसत. जिथून दार दिसतं अशा ठिकाणी थांबलेली सापडत. पण डेसा आता पोर नव्हती. तिच्याकडे गाडी होती, आणि पुढे चार तासांचा रस्ता.

गाडी तिथेच होती. इंजिन सुरू, काचा धुरकटलेल्या. उपाशी बाळ घेऊन चार तास कोणाला जाता येतं? मार्लिसने काचेवर बोटाने टकटक केली. दार आतून उघडलं. जून पीत होती, कानापर्यंत लाल झालेली.

मार्लिस शेजारच्या सीटवर बसली. "झालं ते पास, डेसा. ती थट्टा असते. पहिल्या विधेयकाला सगळे आधी लाल करतात, मग हिरवं."

डेसा समोर बघत होती. "तुम्ही हसत होतात, मिस मार्लिस."

"हो."

"मला वाटलं, सगळ्यांनी नाही म्हटलं आणि तुम्हालाही हसू येतंय." तिने जूनच्या टाळूवर हात ठेवला. "मला सांगायचं तरी."

"सांगायला हवं होतं. विसरले."

"तुम्ही वाईट नाही. पण तुम्हाला नेहमी वाटतं, मला ठाऊक असेलच. वादळात गाड्या निघत नाहीत हे सहा वर्षांच्या पोरीला कुठून ठाऊक असणार? मी खिडकीत बसून होते. पुढच्या रविवारीही."

मार्लिसने गुडघ्यांवर ठेवलेले गारठलेले हात एकमेकांत अडकवले. जूनने दूध सोडलं, या नव्या बाईकडे पाहिलं आणि परत प्यायला लागली.

"आता झालं ना सगळं?" डेसाने विचारलं.

"नाही. सिनेट बाकी आहे. पंधरा दिवसांनी."

"तिथेही आधी लाल करतात?"

"माझ्यासाठी नाही करणार, मी तिथली नाही. तिथे लाल दिसलं तर ते खरं."

डेसाने मान हलवली. मग काचेकडे बघतच तिने विचारलं, "त्याला नेताना तुम्हीच होतात ना? रडला होता का तो?"

हे फाइलमध्ये नव्हतं. एका भावंडाचं दुसऱ्याला सांगायचं नाही असा तेव्हाचा दंडक होता, आणि तो पाळता पाळता मार्लिसला सतरा वर्षं झाली होती.

"रडला," ती म्हणाली. "मिसुरी नदीच्या पुलापर्यंत. हमसून हमसून, घसा बसेपर्यंत. मग त्याच्या पांघरुणात एक हातमोजा सापडला. पिवळा, लोकरीचा. तो गालाशी धरून झोपला. त्या घरी उतरवतानाही सोडेना, म्हणून मी तसाच राहू दिला."

डेसा वळली. "पिवळा? अंगठ्यावर शिवण घातलेला?"

"हो."

"तो मी ठेवला होता. त्याला थंडी वाजेल म्हणून." तिचा आवाज अगदी बारीक झाला. "नंतर आठवेना, ठेवला की हरवला. नव्या घरातल्या बाई रागावल्या होत्या, एकच हातमोजा घेऊन आलीस म्हणून. मग मलाही वाटायला लागलं, हरवलाच असेल."

तिने डोळे पुसले नाहीत. दोन्ही हात बाळात गुंतले होते. मार्लिसने पुसायला हात उचलला आणि अर्ध्यावर थांबली. मग म्हणाली, "दे तिला माझ्याकडे."

जून आली. जड, उबदार, दुधाच्या वासाची. डेसाने पुढच्या कप्प्यातून पेट्रोलची जुनी पावती काढली, मांडीवर उलटी ठेवली आणि पेन शोधलं.

"अजून कायदा झाला नाही," मार्लिस हळूच म्हणाली.

"माहितीये. सांगितलंत तुम्ही." डेसाने पेनाचं टोक श्वासाने गरम केलं. "पण सुरुवात काय करावी, तेच मला इतकी वर्षं सुचत नव्हतं."

आणि तिने लिहिलं, माझा एक हातमोजा तुझ्याकडे आहे.