पाच अळणी दिवस

मित्रांनो, मी एक जुनी चिनी मातीची बरणी आहे. जन्मभर माझ्या पोटात मीठच राहिलं. उषाबाईंनी मला अमळनेरच्या बाजारातून घेतलं आणि लुगड्यात गुंडाळून सुरतेला, लिंबायतच्या खोलीत आणलं. त्यांचा मुलगा वाल्मिक इथे कापडाच्या लूमवर काम करतो.

त्याची मुलगी चंचल लहानपणापासून चिमटी चिमटी मीठ खायची. उषाबाई म्हणत, "पोरी, हाई काय साखर शे?" पुढे तिचे हात आखडू लागले. पाय गळू लागले. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "आजार जन्माचा आहे, आईबाप दोघांकडून आलेला. दोष कुणाचाच नाही. हिच्या किडन्या मीठ, पोटॅशियम, मॅग्नेशियम धरून ठेवत नाहीत, लघवीतून जातं. आजार जाणार नाही; पण रोज औषध आणि जास्त मीठ दिलं तर पोर शाळेत जाईल. हिच्या धाकट्या भावाला, गजेंद्रलाही तपासून घ्या."

चंचल खरंच शाळेत जाऊ लागली. तेव्हा माझा मान देव्हाऱ्यातल्या समईएवढा होता.

मग आषाढात मोळाकतचं व्रत आलं. इथल्या मुली गौरीसाठी पाच दिवस मिठाशिवाय जेवतात.

"माझ्या सगळ्या सहेल्या करतात. मीच नाही करायचं?" चंचल म्हणाली.

तिची आई रंजना घाबरून सासूला म्हणाली, "आत्या, डॉक्टरांना विचारू ना."

"पाच दिन गौरीमाय सांभाळी," उषाबाई म्हणाल्या. पातळ औषधाचा थेंब त्यांनी जिभेवर ठेवला. "हाई बी खारंच शे. व्रत मोडी. ऱ्हाऊ दे."

औषधाची बाटली आणि मी, दोघांनाही वरच्या फळीवर ठेवलं. तिसऱ्या दिवशी चंचलला उलट्या झाल्या. चौथ्या दिवशी तिला उठवेना, छाती धडधडू लागली. वाल्मिकने तिला उचलून नेलं. संध्याकाळी तो एकटाच परतला.

"माय, रिक्षामा ती मीठच मांगत व्हती," एवढंच तो बोलला.

दहाव्याला कीर्तन झालं. महाराज गाता गाता थांबले आणि म्हणाले, "माउली, लेकराचं औषध हाही देवाचा प्रसादच. तो नाकारून कुठलं व्रत पुरं होतं?" बायांनी डोळे पुसले. उषाबाईंनी त्याच दिवशी जन्मभरासाठी मीठ सोडलं. रंजनाही आता सगळ्यांचं अळणीच रांधते.

गजेंद्रच्या तपासणीसाठी डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद देव्हाऱ्यामागे तसाच पडून आहे. काल जेवताना त्याची बोटं वळली. उषाबाईंनी अंगारा लावला.

मित्रांनो, मला हात नाहीत, वाचा नाही. तुम्हाला दोन्ही आहेत. कुणीतरी त्या मुलाला दवाखान्यात न्या.